सातीणखोलचं विरजण

"केतके, कडेक जाव नको गो! थंयली माती सुटता!"

हाक बायची. बाय म्हणजे हेमा, केतकीची थोरली बहीण. चिरेखाणीच्या काठावर उभी, कमरेला कळशी, कपाळावर तांबडी धूळ, आणि आवाज असा की खाणीच्या चारही भिंती तो एकमेकींकडे टोलवत राहायच्या. आई गेली तेव्हा केतकी इतकी लहान होती, की आईचा आवाज म्हणून तिला बायचाच आठवतो. खाली बाबा जांभ्या दगडाचे चिरे कापत असायचे. दुपारी सावलीचा तुकडा सापडला की बाय केतकीला मांडीवर घ्यायची आणि स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची:

माती गो माझे बाय, तुझा अंग कसा ऊन,
धाकट्या भैणीक माझ्या ठेव पदरात झाकून.

पदर कुठला? त्यांच्या तांबडमाळ गावात माती होतीच कुठे? होती ती चिऱ्यांच्या आधी खरवडून दरीत ढकलली गेली, मग चिरे लॉऱ्यांतून गेले, आणि मागे उघडा कातळ राहिला. त्यावर पाऊस पडायचा आणि थेंबही न थांबता पळून जायचा. होळीच्या आधी विहिरी आटायच्या.

आज त्याच खाणीच्या तळात केतकी धुरी उभी होती आणि तिच्या डोक्यावर पानं होती. चांदाड्याची ढालीएवढी पानं, कुंभ्याची कोवळी लाल पालवी, उंबराचं एक रोप तर तिच्या खांद्याच्या वर गेलेलं. वारा नव्हता, तरी सगळं जंगल हलत होतं, जणू त्याला कुठेतरी पोचायची घाई होती. चार पावसाळ्यांत एवढं. केतकीला या घाईचा अभिमान वाटायचा. आणि का कोण जाणे, तिथे फार वेळ उभं राहवायचं नाही.

खिशातला फोन थरथरला. लिमये मॅडम, ज्यांच्या हाताखाली ती मातीचं काम करायची.

"केतकी, मंजुरी आली! सातीणखोलच्या देवराईतून मातीची दुसरी उचल. सोमवारी कौल आहे म्हणे. तू आधी जाऊन सुईने नोंदी घेऊन ये. कुठला थर किती खोल, सगळं."

"या वेळी किती उचलायचंय, मॅडम?"

"अर्धी राई. वीतभर खोल."

चांदाड्याचं एक पान गळून तिच्या पायाशी पडलं.

*

निरोगी माती हातात घेतली तर त्यातली जवळजवळ निम्मी पोकळी असते. उरलेल्यात बहुतेक सगळा दगडाचाच चुरा, आणि अगदी थोडा हिस्सा कुजलेल्या पानांचा, मुळांचा, जिवांचा. पण त्या थोड्या हिश्शावर सगळं उभं असतं. जंगलात वर पातेरा, म्हणजे गळलेली पानं. त्याखाली अर्धी कुजलेली, जाळीदार झालेली पानं. त्याखाली काळा, मऊ, ओला वास येणारा थर. त्या थरात बुरशीचे धागे असतात, केसाहून बारीक. ते मातीचे कण एकमेकांना चिकटवून रवाळ करतात. रव्यांमध्ये पोकळी राहते, आणि पोकळीत पाऊस मुरतो. जांभ्या दगडातलं लोखंड स्फुरदाला घट्ट धरून बसतं, झाडांच्या मुळांना देतच नाही. हे धागे आंबट रस सोडून तेच स्फुरद मोकळं करतात आणि मुळांना पोचवतात, बदल्यात मुळांकडून साखर घेतात. हे धागे नाहीत तिथे नुसती रोपं लावून उपयोग नसतो. तांबडमाळात वनमहोत्सवाची रोपं दर वर्षी लागायची आणि दर वर्षी वाळायची.

लिमये मॅडमनी केलं ते एवढंच, की दुधाला विरजण लावावं तशी माती लावली. जुन्या जंगलातली थोडी माती घ्यायची, एका मोठ्या फिरत्या पिंपात जांभ्याचा चुरा आणि पानांचा भुगा घालून त्यात ती मिसळायची, ऊब आणि ओल यंत्राने सांभाळायची. पिंपाला सगळे रांजण म्हणत. काही आठवड्यांत अख्खा रांजण जिवंत व्हायचा. तो कातळावर पसरायचा, त्यातून पुढचा लावायचा. विरजणच ते.

विरजण मात्र देवराईचं हवं, असं मॅडमचं गणित होतं. जितकं जुनं आणि अस्पर्श जंगल, तितकी त्याची माती समृद्ध. आणि बायचं सासर होतं सातीणखोल, डोंगरापलीकडचं गाव. तिथल्या राईत पिढ्यान्पिढ्या कुणी लोखंड नेलं नव्हतं, वहाण नेली नव्हती, वाळकं पानसुद्धा बाहेर आणलं नव्हतं. राईचा मान बायच्या नवऱ्याच्या, रामकृष्ण गवसांच्या घराण्याकडे.

चार वर्षांपूर्वी केतकीने बायचे पाय धरले होते. थट्टेने नव्हे, खरोखर धरले होते. "बाय, एकच मडकी. तांबडमाळात पाणी येतला गो." बाय बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग गावाने कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे होकार दिला, पण अट घातली. एकच मडकी, आणि ती मानकऱ्याच्या बायकोने एकटीने, अनवाणी आत जाऊन, हाताने भरायची. बाय पहाटे राईत गेली आणि उन्हं वर आल्यावर मडकी घेऊन आली. केतकीने ती दोन्ही हातांनी घेतली होती. मातीला असा वास होता, की तिला रडूच आलं.

त्या मातीच्या तपासणीत सुपारीचे आणि हळदीचे अंश सापडले. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. राईत देव आहे, देवाला हळद आणि सुपारी वाहतात, ती वर्षानुवर्षं मातीत जिरली असणार. पडताळायला दुसरी माती नव्हतीच, कारण राईतून याआधी कुणी कधी चिमूटभरही उचलली नव्हती. त्या मडकीवरच 'मूळ माती' अशी चिठ्ठी लागली.

आणि ती लागली. अशी लागली की बाकी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या तालुक्यांतल्या राया धुंडाळून आणलेली माती रांजणात आंबून काळी पडायची, मरायची. सातीणखोलची तेवढी जगायची. "त्या देवाचं काही वेगळंच आहे," असं मॅडमसारखी बाईही चहा पिताना म्हणून गेली होती. पण विरजण सारखं पुढे लावत गेलं की दह्याला तार सुटते, तशी आता रांजणांतली माती सुस्तावत चालली होती. मूळ माती पुन्हा हवी होती, आणि आता एका खाणीसाठी नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या उघड्या कातळांसाठी.

*

"इली बघा मातीची डाक्टरीण!" रामकृष्ण भावोजी पडवीतूनच ओरडले. "सुई घेवन इली. आमच्या डोंगराक ताप-बीप इलो काय?"

"पयली सुई तुमच्या जिभेक मारूक सांगतंय तिका," आतून बाय म्हणाली. "केतके, हातपाय धू. बांगड्याची कढी केलंय."

सुई म्हणजे हातभर लांब, चिनी मातीची पोकळ काडी. राईत लोखंड चालत नाही म्हणून मुद्दाम तशी करवून घेतली होती. टोकाशी दाण्याएवढं यंत्र. मातीत खुपसली की तिथे कोण कोण राहतं, कोणाचं कोणाशी नातं, हे ती सांगायची. आई कोण, लेक कोण, सोयरा कोण, परका कोण.

बाय वाढत होती. पूर्वी ती वाढताना बोलायची, मध्येच गुणगुणायची. आज तिची मान वर येत नव्हती. कढी वाढली, परत वाढली, केतकी नको म्हणत असताना तिसऱ्यांदा डाव आणला.

"बाय, लक्ष खंय आसा तुझा?"

"हयच. या वेळाक किती मडक्यो नेतलास?"

"मडकीचे दिवस गेले गो. यंत्र येतला. वीतभर खोल, अर्धी राई."

डाव भातावर तसाच थांबला.

"आणि झाडा?"

"झाडांका हात लावूचे नाय. फक्त वरचो थर."

"आंगावरची कातडी काढूची," बाय म्हणाली, "आणि म्हणूचा, माणसाक हात लावलो नाय."

"तसा नाय गो. रक्त देतंव आपण, परत भरता ना आंगात? तसाच. आमचा गणित सांगता."

"तुमचा गणित राईत जावन बसला होता काय कधी?"

भावोजी हसले. केतकी हसली नाही, बायही नाही. मांजर मधून गेलं तरी त्याला कुणी हाकललं नाही.

*

राईत शिरलं की आवाज बदलतो. पानांवर पाय पडतो, पण पावलाचा आवाज जमीनच गिळून टाकते. वर सातवीण, बेहडा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली गारंबीची जाड वेल, जणू कुणी म्हातारी हात टेकत टेकत चालली आहे. केतकी अनवाणी होती. तिने सातविणीच्या बुंध्याशी सुई हलकेच खुपसली आणि थांबली.

फोनच्या काचेवर, रांजणातल्या मातीशी ताडून, अक्षरं उमटली. नातं नाही.

तिने सुई पुसली. दहा पावलांवर परत घातली. नातं नाही. बेहड्याखाली, ओढ्याच्या काठाला, देवाच्या पाषाणामागे. इथे हजारो जीव होते, यंत्राला नावंही ठाऊक नसलेले. पण रांजणातल्या मातीची आई इथे नव्हती. मावशीही नव्हती.

"मेली सुई बिघडली," ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. तिने फोनवर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. एका मुळावर बसली, लगेच उठली. पायावर मुंग्या चढत होत्या. सुई चुकली असेल तर सगळ्याच ठिकाणी एकसारखी चुकेल का?

परत येताना वाट बायच्या कुळागरातून होती. सुपारीच्या उंच पोफळी, त्यांवर चढलेली मिरवेल, खाली हळदीचे वाफे, केळी, पाटाचं पाणी. बाय लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी डोंगरावरचा पातेरा वेचून आणते आणि पोफळींच्या आळ्यांत घालते. वर शेण, वर राख, परत पातेरा. सासूने शिकवलं होतं, तिला तिच्या सासूने.

केतकीचा पाय आळ्यात पडला आणि ती थांबली.

माती पायाखाली दबली आणि हळूच परत वर आली. हा स्पर्श तिच्या ओळखीचा होता. खाणीच्या तळातल्या जंगलात रोज सकाळी तो तिच्या पायांना व्हायचा. राईतली माती अशी नव्हती. ती खोल, थंड आणि अबोल होती. ही ऊन होती, उतावळी होती.

तिने तिथेच सुई घातली. काचेवर अक्षरं आली. आई.

सुपारीची मुळं. हळदीची मुळं. त्यांचेच अंश देवाला वाहिलेले म्हणून सगळ्यांनी सोडून दिले होते.

मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात सरकत जागेवर बसत गेली. बाकीच्या रायांची माती रांजणात का मरते ते तिला कळलं. जी माती शेकडो वर्षं कुणी हलवलीच नाही, तिला हलवणंच सोसत नाही. तिचे धागे एकदा तुटले की तुटले. कुळागरातली माती मात्र वर्षानुवर्षं खणणं, पालथं होणं, ऊन खाणं, शेण-राख पचवणं शिकलेली. डोंगरावरच्या पातेऱ्यातून जंगलाचे जीव तिच्यात येऊन राहिले होते आणि माणसाच्या हाताला सरावले होते. तांबडमाळ त्या मातीने उभा केला. आणि सोमवारी ही अर्धी राई सोलून काढली, तर तिच्यातून काहीच उगवणार नाही. राई मात्र मरेल. त्यानंतर दुसऱ्या राया, कारण मॅडमची यादी तयार होती.

"सुई खंय घातलंस?"

बाय बांधावर उभी होती. डोक्यावर पातेऱ्याची पाटी.

"राईत," केतकी म्हणाली.

"फक्त राईत?"

"होय."

बायने पाटी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथेच थबकलं. केतकीने वाट पाहिली. पोफळीचं एक झावळ वरून सुटलं, आपटलं, दोघी बहिणी त्याकडे बघत राहिल्या.

"चल," बाय म्हणाली, "चाय थंड जाता."

*

सांगणं सोपं होतं. फोन उचलायचा आणि मॅडमना म्हणायचं, ती माती राईची नव्हती. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला बाय उभी होती. देवाने कौल दिला होता, गावाने विश्वास टाकला होता, मानकऱ्याच्या बायकोने मडकी पाषाणासमोर ठेवून नारळ फोडला होता. हे गावासमोर आलं तर भावोजींचा मान जाईल. सणाला राईत पहिलं पाऊल कुणाचं, पहिला नारळ कुणाचा, यावर इथे माणसं जन्मभर अबोला धरतात. बायला कुणी विहिरीवर विचारणार नाही.

आणि केतकीच्या मनात आणखीही काही होतं, तिला आवडो न आवडो. राग. माझ्याशी खोटं बोललीस. बाकी सगळ्या जगाशी बोलली असतीस तर मी हसले असते. मी तुझे पाय धरले होते.

तिन्हीसांजेला ती अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होती. तुळशीला दिवा लावताना बायची पाठ तिच्याकडे होती, पण पाठीलाही कान असतात.

"नोंदी थोड्या विचित्र आहेत, मॅडम. जुळत नाहीयेत. थोडा वेळ मिळाला तर..."

"केतकी, माझं वय काय आहे?" मॅडमच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी जन्मभर झाडं मरताना मोजली गं. पहिल्यांदाच काहीतरी परत उभं राहिलंय. तुझ्याच गावात. वेळ कोणाकडे आहे?"

केतकीने फोन बंद केला. बाय वळली.

"काय म्हणाली?"

"काय नाय."

दोघी आत गेल्या. एकाच घोंगडीवर, लहानपणी निजायच्या तशा निजल्या, आणि दोघींनाही झोप लागल्याचं सोंग चांगलं जमलं.

*

सोमवारी सकाळी राईच्या तोंडाशी दोन्ही गावं जमली. यंत्राची गाडी खाली रस्त्यावर थांबवलेली, तिच्यावर निळं कापड. लिमये मॅडम चपला हातात घेऊन, अनवाणी, एका बाजूला उभ्या होत्या. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. तांबडमाळातून दत्ताराम काका आले होते, केतकीच्या बाबांबरोबर चिरे कापलेले, फुप्फुसात धूळ भरलेले. त्यांनी पाषाणासमोर हात जोडले.

"देवा, तुझी एक मडकी माती इली नि आमच्या बावीक मे म्हयन्यात पाणी रवला. माझी सून कळशी घेवन दोन डोंगर चढा होती, ती आता घरात पोराक पाजता. आजून गावा आसत अशी. नाय म्हणा नको."

कुणीतरी नाक पुसलं. केतकीला वाटलं आपण इथून पळून जावं. खाणीच्या तळात, चांदाड्याखाली, कुठेही.

बाबल घाडी पुढे झाले. देवाला कौल लावणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी तांदूळ भिजवले, पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक दाणा चिकटवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा राईच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"दोनय गावांची लेकरा तुझ्या पायापाशी इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"अर्धी राई मागतत. देवूची आसात तर उजवो दी, नाय तर..."

"थांबा!"

आवाज आपलाच आहे हे केतकीला उशिरा कळलं. गाऱ्हाण्यात मध्ये बोलत नाहीत. सगळी डोकी वळली. बाबल घाडींचा हात तसाच हवेत.

"नोंदी..." ती म्हणाली. "राईतल्या मातीच्या नोंदी आमच्या रांजणाशी जुळत नाहीत. सुईत बिघाड असेल. किंवा माझीच काहीतरी चूक. थोडे दिवस थांबूया."

ती बायकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"चूक तुझी कशी असेल?" लिमये मॅडम पुढे आल्या. त्या प्रेमाने बोलत होत्या, आणि तेच वाईट होतं. "बिघाड सुईत असेल तर सुईवर विसंबायचंच कशाला? आज थर उचलू, प्रयोगशाळेत नेऊ. तिथे चार दिवसांत दूध का दूध, पाणी का पाणी. उलट आता उचलायलाच हवं."

बहिणीला झाकायला तिने जे पांघरूण ओढलं, तेच राईवर पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडीवरचं निळं कापड सोडायला लागलं. कापड फडफडलं, राईतून बगळ्यांचा थवा उठला, आणि बाबल घाडींनी खाकरून पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा..."

"बाबलदादा, कौल लावा नको."

बायकांमधून बाय पुढे आली. नऊवारीचा काठ पातेऱ्यावरून सरसरत गेला. ती पाषाणाच्या आणि माणसांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"हेमा," भावोजी दबक्या आवाजात म्हणाले, "बायकांत जावन बस."

"बसतंय. बोलान बसतंय."

"काय बोलूचा आसा? घराकडे बोल."

"घराकडे बोलूक गेलंय असतंय तर आजून चार वर्सा गेली असती." तिने केतकीकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आवाज मात्र तोच होता, खाणीच्या भिंतींनी झेलावा असा. "ही माका वाचवूक खोटा बोलता. सुई बरी आसा तिची. मी बघलंय, तिणा ती माझ्या पोफळीच्या आळ्यात घातल्यान तेवा."

"बाय, नको," केतकी म्हणाली.

"गप बस. लय ऐकलंय तुझा." बायने श्वास घेतला. "त्या दिसा मी राईत गेलंय. सातविणीखाली बसलंय. बोटा पातेऱ्यात घातलंय, नि खालची माती इतकी थंड लागली, निजलेल्या पोराच्या आंगासारी. खणूक माझो हात झालो नाय. उठलंय, रिकामी मडकी घेवन भायर इलंय. आणि वाटेर ह्या पोराचा तोंड डोळ्यांसमोर इला. मिया वाढवलंय तिका. हिका नाय म्हणूक माझा तोंड झाला नाय."

दत्ताराम काकांचा श्वास तेवढा घरघरत होता.

"मगे मडकीतली माती लागली. झाडा उभी रवली, बावीक पाणी इला, हिचा नाव झाला. रोज वाटा, आज सांगूया. रोज वाटा, आता सांगलंय तर तांबडमाळचा पाणी पळान जायत. मेल्या जिभेक गाठ पडली." ती भावोजींकडे वळली. "तुमचो मान गेलो तर माझ्यामुळे गेलो. काय तो दंड घाला. पण राईत यंत्र घाला नको. थंय तुमका काय एक मिळाचा नाय."

"मग ती माती..." लिमये मॅडमच्या हातातल्या चपला खाली पडल्या होत्या, त्यांना ते कळलंही नव्हतं. "मग ती कुठली होती, हेमाताई?"

बायने दोन्ही हात पुढे केले. नखांत काळं होतं, तळव्यांवर भेगा होत्या.

"माझ्या कुळागरातली. ह्या हातांनी केलेली," ती म्हणाली. "व्हयी तेवढी नेवा."